वाचकांचे प्रश्न : बुद्वार शूट करायचंय, पण इथे कोकणात?

मागच्या अंकात पोर्ट्रेटच्या लायटिंगवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की आपल्या भागातही आता बुद्वार शूटची विचारणा व्हायला लागलीये, आणि सगळ्यात जास्त मेल त्या एका ओळीवरच आले. बाकीची तीन पानं कुणी वाचली की नाही देव जाणे. ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की बुद्वार म्हणजे बाईने (हल्ली पुरुषही येतात) स्वतःसाठी किंवा जोडीदाराला द्यायला बंद खोलीत, मोकळ्या नाहीतर कमी कपड्यात काढून घेतलेलं पोर्ट्रेट. मासिकासाठी नाही, जाहिरातीसाठी नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

प्रश्न : ताई, कुडाळला माझा स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. पासपोर्ट, बारसं, साखरपुडा, लग्न सगळं करतो, अलीकडे पोर्ट्रेटवर जास्त भर दिलाय. मागच्या सीझनला जिच्या लग्नाचं काम केलं तिनेच आता विचारलंय की तसले फोटो काढाल का, नवरा बोटीवर असतो, त्याला वाढदिवसाला द्यायचेत. मी हो पण म्हणालो नाही नि नाही पण म्हणालो नाही. माझ्याकडे क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी, 35 आणि 50 मिलिमीटरच्या लेन्स, एक फ्लॅश. कुठून सुरुवात करू? पोर्टफोलिओच नसेल तर पुढे गिऱ्हाईक येणार कसं? आणि मी पुरुष आहे, ते चालतं का यात?

उत्तर : लेन्स पुरतात, फ्लॅश नसता तरी चाललं असतं, तिकडे नंतर येते. आधी पोर्टफोलिओ. लग्नाच्या कामात आपल्याला सवय लागलेली असते की फोटो काढला म्हणजे तो आपला, निवडक पेजवर टाकायचे, दोन मोठे करून स्टुडिओच्या काचेत लावायचे, नवरीला विचारायचं पण नाही आणि नवरीही खूश. ही सवय बुद्वारला पहिल्याच दिवशी सोडायची. यातला एकही फोटो तुमचा नाही, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, कायदाच तसा आहे. कॉपीराइट अ‍ॅक्ट 1957, कलम 17 बघा, कुणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही लेखी ठरलेलं नसलं तर त्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतं, फोटोग्राफर नव्हे. अमेरिकन फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून बघून आपल्या पोरांना उलटंच वाटत असतं, कारण तिथे हक्क साधारण काढणाऱ्याकडे राहतो.

दुसरं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिचं कलम 77. बाईचे खासगी क्षण तिच्या नकळत बघणं, टिपणं आणि पसरवणं याबद्दलचं ते आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. त्याच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की फोटो काढायला तिने होकार दिला असेल पण दुसऱ्याला दाखवायला दिला नसेल, आणि तो पसरला, तरी गुन्हा. म्हणजे तिने खोलीत येऊन पोझ दिली म्हणून सगळ्यालाच हो म्हटलं असं होत नाही. आणि समजा तिने पेजवर टाकायलाही हो म्हटलं तरी आयटी अ‍ॅक्टचं कलम 67 उरतंच, अश्लील ठरेल असं काही नेटवर टाकलं तर तिची संमती तुम्हाला तारत नाही. आता कुणी म्हणेल, नुसतं उघडं अंग म्हणजे अश्लील नाही असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. बरोबर आहे, अवीक सरकार खटल्यात 2014 साली म्हटलंय, आजच्या समाजाच्या मोजमापाने बघा म्हणून. पण ज्या फोटोवरून तो खटला चालला तो छापून आला होता 1993 साली. मधली वीसेक वर्षं कुणी मोजायची? तुमचा कुडाळचा स्टुडिओ तेवढा टिकेल का?

म्हणून माझं मत सरळ आहे, कोकणात हा धंदा काम न दाखवताच उभा करायचा असतो. ऐकायला विचित्र वाटेल पण मुंबई-पुण्यापेक्षा इथे ते जमतंही, कारण इथे सगळं तोंडी चालतं. चेहरा दिसत नाही असे पाठीचे, हाताचे फोटो टाकतो म्हणणारे बरेच असतात. अहो, आमच्याकडे माणसं खिडकीच्या गजावरून घर ओळखतात! खांद्यावरचा तीळ, मंगळसूत्राची वाटी, मनगटावरचं गोंदण, मागची चादर, एवढं पुरतं, संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत नाव फिरतं. दाखवायला काहीतरी हवंच असेल तर मुंबई-पुण्याहून पैसे देऊन प्रोफेशनल मॉडेल बोलवा, लेखी करार करा, कुठे आणि किती काळ वापरणार ते त्यात घाला, आणि त्यातलेही सौम्य, साडीतले वगैरे दोनचार फोटो छापून एका छोट्या अल्बमात लावून स्टुडिओत ठेवा, भेटायला येईल तिच्यापुढे उघडायचा नि परत कपाटात. बाकी गिऱ्हाईक येणार ते पार्लरवाल्या ताईंकडून. खरं सांगते, नवरीची हळद, फेशियल करताना जे बोलणं होतं ते तुमच्या रिसेप्शनवर कधीच होणार नाही. गावातल्या एखाद्या विश्वासाच्या पार्लरवालीला नीट समजावून सांगा की तुम्ही काय करता आणि काय करत नाही, मेकअपचं काम तिलाच द्या. जाहिरात झाली.

आता फोटो ठेवायचे कुठे, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पत्र लिहिणाऱ्या पंधरा जणांत एकाने पण हे विचारलं नाही. कार्डवरून डिलीट केलं म्हणजे गेलं असं नसतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने फोटो परत निघतात, नुसतं फॉरमॅट मारलेल्या कार्डातूनही बऱ्याचदा निघतात. तुमचं कार्ड उद्या हळदीला असिस्टंटच्या हातात जाणार, परवा तो ते भावाला देणार. त्यापेक्षा प्रत्येक शूटला नवीन सीलबंद मेमरी कार्ड आणा, त्याची किंमत पॅकेजमध्येच धरा, आणि काम संपलं की ते कार्ड तिच्याच हातात द्या. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दुसऱ्या स्लॉटात काही राहिलं नाही ना ते तिच्यासमोर उघडून दाखवा. कॅमेऱ्याचं वायफाय-ब्लूटूथ बंद, म्हणजे फोटो आपोआप फोनवर उतरायला नकोत. एडिटिंगचा कॉम्प्युटर नेटवरून काढलेला, नुसता फोल्डरला पासवर्ड पुरत नाही, पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला (पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही असा), आणि फोनचं गुगल फोटोज बॅकअप कुठल्या फोल्डरला लागलंय ते एकदा डोळ्यांनी बघा. घरच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून आपलेच फोटो फिरताना बघितलेत ना? तेच. बॅकस्टेजचे मोबाइल फोटो तर अजिबात नाहीत, तुमचे नाही, असिस्टंटचे नाही, मेकअपवालीचेही नाही. सगळ्यांचे फोन बाहेर टेबलावर.

फोटो द्यायचे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत. अल्बम छापायला लग्नाच्या नेहमीच्या लॅबला पाठवू नका, तिथे रोज ढिगाने फाइली उघडतात, कोण बसलंय मशीनवर ते तुम्हाला ठाऊक नाही, एखादा तिच्या सासरच्या गावचा निघायचा. पोस्टकार्ड साइजचा छोटा डाय-सब प्रिंटर (उष्णतेने रिबिनीवरचा रंग कागदावर उतरवणारा) मिळतो, तो घ्या, तिच्यासमोर छापा. एक लक्षात ठेवा, त्या प्रिंटरच्या वापरलेल्या रिबिनीवर प्रत्येक फोटोचा उलटा ठसा दिसतो, ती रिबीन कचऱ्यात टाकायची नाही, कात्रीने तुकडे करून जाळायची. आणि मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्टॅक्स, काढल्या काढल्या कागदावर फोटो देणारा कॅमेरा. साध्या इन्स्टॅक्स मिनीत ना फाइल ना निगेटिव्ह, 62 बाय 46 मिलिमीटरचं एकच चित्र, तिच्या हातात. बोटीवरच्या नवऱ्याला पाकिटात ठेवायला याहून चांगलं काय असणार? पाच-सहा तसलेही काढून द्या. फक्त साधा मिनी कॅमेरा घ्या, हायब्रिड घेतलात तर त्यात मेमरी असते.

पुरुष चालतो का? चालतो, पण तुम्हाला जास्त काही करावं लागेल आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही. खोलीत बाई असिस्टंट हवीच, शिवाय गिऱ्हाइकाला मैत्रीण, बहीण आणायची तर आणू दे. कडी आतून, किल्ली तिच्याकडे. हात लावायचा नाही म्हणजे नाही, केस बाजूला करायचे तरी असिस्टंटने, विचारून. पोझ तोंडाने सांगायची नाहीतर स्वतः करून दाखवायची. तुम्ही पलंगाच्या कडेला पाय दुमडून बसलात, मान वळवलीत की ती आधी हसते, आणि तेच तर पाहिजे असतं. कपड्याबद्दल, अंगाबद्दल शेरा नको, 'सेक्सी' वगैरे शब्द तर परदेशी व्हिडिओत ठेवा. 'प्रकाश मस्त पडलाय', 'हात छान आलाय', एवढ्यावर सगळं शूट निघतं.

त्याच्याही आधी तिच्याशी एकदा एकटीशी बोला, फोनवर नाहीतर पार्लरात बसून, आणि विचारा की हे तुम्हाला हवंय की कुणी करायला सांगितलंय. नवरा किंवा होणारा नवरा फोन करून सगळं ठरवतोय, तिला बोलूच देत नाही, मी पण खोलीत थांबणार म्हणतो, असं असेल तर तारखा नाहीत म्हणून मोकळं व्हा. वयाचा पुरावा बघायचा, बघायचा फक्त, आधारची झेरॉक्स ठेवायची नाही. अठराच्या आतली असेल तर आईवडील समोर उभे राहून हो म्हणाले तरी नाही, तिथे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आहे, बोलायला जागाच नाही. संमतीच्या कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, काढायला हो, अमुक दिवस ठेवायला हो, दाखवायला हो की नाही, आणि प्रत्येकापुढे वेगळी सही. 'दाखवायला' पुढे तिने नाही लिहिलं तर चेहरा पाडायचा नाही. शूटच्या मध्येच तिला नको वाटलं तर थांबायचं, काढलेले तिच्यासमोर पुसायचे, कार्ड तिला.

जागेचं. बीचवर नाही. भोगवे, निवती, तारकर्लीला प्री-वेडिंगची रांग लागलेली असते म्हणून तिथेच थोडं पुढे जाऊ असं मनात आणू नका. 2020 च्या नोव्हेंबरात गोव्यात काणकोणच्या चापोली धरणावर एका अभिनेत्रीचं असंच शूट झालं नि अटकेपर्यंत गेलं, ते पेपरात आलेलं आठवत असेल. होमस्टे घेत असाल तर मालकाला आधी सांगा फोटोशूट आहे, खोटं नाव-कारण नको, पडवीत सीसीटीव्ही कुठे कुठे लागलेत ते विचारा, आणि खोलीत शिरल्यावर चार्जर, घड्याळ, स्मोक डिटेक्टर यांच्याकडे नीट बघा. तिचंच घर मिळालं तर सगळ्यात उत्तम, पण मग शेजारची काकू 'काय गो, आज कोण इलेत?' करत डोकावणार, ते ती जाणे.

आता मजेचा भाग, प्रकाश. तुम्ही जुन्या घरात काम करणार असाल तर तुम्हाला मुंबईवाल्यांपेक्षा जास्त मिळालंय. जुन्या घराचं छप्पर पडवीवर खूप खाली उतरलेलं असतं, त्यामुळे माजघरात ऊन थेट येतच नाही, खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उसळलेला प्रकाश खालून वर येतो. चेहऱ्याला तो विचित्र लागतो, डोळ्याखाली उजेड आणि कपाळ काळं, पण आडव्या पडलेल्या व्यक्तीला तोच प्रकाश सुंदर लागतो, कारण तिचं अंगच त्या दिशेला वळलेलं असतं. म्हणून माजघरात उभं करू नका, खाली चटईवर नाहीतर गादीवर घ्या. कौलात एखादं काचेचं कौल बसवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. सकाळी दहा-साडेदहाला त्यातून ऊन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडतो आणि हळूहळू सरकत जातो. त्या चौकोनात तिला बसवायचं नाही, तिथे पांढरं धुतलेलं लुगडं नाहीतर चादर पसरायची आणि तिला त्याच्या बाजूला बसवायचं. चादरीवरून उसळून येतो तो प्रकाश इतका मऊ असतो की स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी पेटी) लाजेल. चौकोन सरकला की चादर सरकवा, अर्धा-पाऊण तास निवांत मिळतो.

पण दोन रंग सांभाळा. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत गिलावा न केलेली असेल तर कातडीवर लाल झाक मारते, आणि खिडकीबाहेर माड, केळी, आंबा असेल तर हिरवी. लाल खपून जाते, उबदार वाटते. हिरवी नाही खपत, माणूस आजारी दिसतो, आणि पावसाळ्यात तर बाहेर सगळंच हिरवं. उपाय थर्मोकोलची पांढरी शीट, खिडकीच्या समोरच्या बाजूला, आणि ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, हाताने सेट करायचा, ऑटोवर सोडायचा नाही. खोलीतल्या ट्यूब, एलईडी सगळं बंद, नाहीतर अर्धी बाई पिवळी अर्धी निळी. चालू ठेवावेच लागले तर शटर 1/50 किंवा 1/100, आपली वीज 50 हर्ट्झची, मधल्या कुठल्याही आकड्यावर फोटोत पट्टे येऊ शकतात. बाकी लाइट जातेच दुपारी, तो प्रश्न महावितरण सोडवतं.

एका दिव्याने काय होतं ते बघायचं असेल तर आपल्या सावंतवाडीच्या चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ते समईवालीचं चित्र बघा, हातातली समई, ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांतून लाल उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, मॉडेल त्यांची स्वतःचीच मुलगी होती. जलरंगातलं आहे हो ते! साडी खांद्यापर्यंत नीट, काही उघडं नाही, आणि तरी माणूस त्याच्यापुढून हलत नाही. बुद्वारचं निम्मं काम हेच, कुठे उजेड द्यायचा नाही ते ठरवणं.

लेन्सचं पटकन. आपल्या खोल्या दहा बाय बाराच्या, पलंग धरून तुम्हाला मागे जायला आठ फूट मिळतात. तेवढ्यावरून क्रॉप बॉडीला 35 लावली तर आडवी व्यक्ती पायापर्यंत मावते, 50 लावली की डोक्यापासून मांडीपर्यंत. म्हणून सुरुवात 35 ने, जवळचे 50 ने. किट लेन्स 18 वर करून जवळ जाऊ नका, जो भाग कॅमेऱ्याजवळ तो फुगतो, गुडघा डोक्याएवढा दिसतो. 50 वर f/1.8 (लेन्सचं छिद्र मोठं) ठेवून दीड मीटरवरून काढलंत तर जेमतेम सहा सेंटीमीटर शार्प मिळतात, मान थोडी हलली की डोळा गेला, f/2.8 ला बरं पडतं. दिवे बंद असतील तर शटर 1/125 च्या खाली नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणे या फोटोंना शोभतात.

पोझचं एकच, हात. सगळ्या बाया एकच विचारतात, 'हातांचा काय करू?' हाताला काम द्या. कानातलं काढतेय, केस सोडवतेय, पदराचा काठ बोटाला गुंडाळतेय. फेब्रुवारी-मार्चला वेंगुर्ला-सावंतवाडीकडे सुरंगीची फुलं येतात, त्यांचा वळेसर (गजरा) हातात द्या, तो ती आपसूक नाकाकडे नेणार, आणि त्या क्षणी चेहऱ्यावर जे येतं ते सांगून आणता येत नाही. हनुवटी पुढे आणि जराशी खाली, वजन कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूवर, पायाची बोटं ताणलेली, श्वास सोडताना क्लिक. कपडे ऑनलाइन मागवलेले लेसचेच पाहिजेत असं नाही, नवऱ्याचा शर्ट, मऊ झालेली सुती साडी जास्त खरी दिसते. घट्ट इलॅस्टिकचे कपडे दोन तास आधीपासून घालू नका म्हणून सांगून ठेवा, अंगावरचे वळ रिटचमध्ये काढत बसणं म्हणजे डोक्याला ताप. आणि रिटच करताना पुरळ, डास चावलेला काढा, पोटावरच्या बाळंतपणाच्या खुणा तिला विचारल्याशिवाय काढू नका.

पैसे पूर्ण आगाऊ घ्या. राहिलेल्या रकमेसाठी असले फोटो अडकवून ठेवणं म्हणजे धमकीसारखंच दिसतं, तुमच्या मनात काही नसलं तरी.

प्रश्न : सुरुवातीला फुकट शूट करून दिलं आणि त्या बदल्यात फोटो वापरायची परवानगी घेतली तर? (रत्नागिरी)

उत्तर : बरेच जण करतात, मला पटत नाही. वर कलम 17 सांगितलं ते पैसे देऊन काढलेल्या फोटोंचं. फुकट काढलेत की कॉपीराइट सहसा तुमच्याकडे राहतो, आणि ते तिला माहीत नसतं. कागदावर सही आहे, सगळं नियमात आहे, आणि दोन वर्षांनी तिचं लग्न ठरतं नि ती रडत फोन करते की काढून टाका. मग काढणार ना? काढणार असाल तर वापरायची परवानगी घेतलीच कशाला. पैसे देऊन मॉडेल आणा किंवा पैसे घेऊन गिऱ्हाईक करा, मधलं काही नको.

प्रश्न : मी दापोली तालुक्यात शाळेत शिकवते, वय पंचेचाळीस. मागच्या वर्षी मोठं ऑपरेशन झालं, त्यातून उठले. आता स्वतःसाठी, फक्त स्वतःसाठी, असे फोटो काढून घ्यावेसे वाटतात. नवऱ्याला सांगितलंय, तो म्हणाला तुझी इच्छा. भीती एकाच गोष्टीची, बाहेर गेले तर नोकरी, गाव, सगळंच. हे वेडेपणाचं आहे का?

उत्तर : बाई, वेडेपणा काही नाही, आणि सगळ्यात छान फोटो तुमच्याच वयाच्या बायकांचे येतात असं मला वाटतं, कारण कुणाला दाखवायचं नसतं. दापोलीत काढू नका. पुण्याला नाहीतर मुंबईला, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथे जा, मुक्काम करा, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकण्या-वळण्याला काही मनाई केली असेल तर ती आधीच सांगून ठेवा म्हणजे तशी पोझ कुणी देणार नाही. व्रण दाखवायचा की झाकायचा हे तुम्ही ठरवायचं, फोटोग्राफरने नाही. आधी पाहायचा म्हणाल तर बाजूने पडणाऱ्या प्रकाशात तो ठळक होतो, समोरून आलेल्या मऊ प्रकाशात विरतो, तसं दोन्ही करून मागा.

फोटोग्राफर निवडताना तिची चित्रं नंतर बघा, आधी विचारा की फाइल कुठे राहते, किती दिवस, एडिटिंग कोण करतं. 'काळजी करू नका हो, आमच्यावर विश्वास ठेवा' असं उत्तर आलं तर उठायचं. 'अमुक दिवसांनी पुसतो, कार्ड तुम्हाला देतो, एडिटिंग बाहेर देत नाही' असं उत्तर आलं तर बसायचं. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो आपणहून मोबाइलवर भराभर दाखवले तर समजा, उद्या तुमचेही असेच दाखवणार. चेहरा नसलेले फोटोही काढून घेता येतात, पाठमोरे, आरशातले, आणि इन्स्टॅक्सचं वर लिहिलंय ते वाचाच.

आणि तरीही गेलेच बाहेर तर. घाबरून पैसे द्यायचे नाहीत, मेसेज डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे. स्टॉप-एनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे, अठरावरच्यांसाठी, तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा बनतो, तेवढाच जातो, आणि जोडलेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपापल्या साइटवर अडवतात. सरकारच्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर बायकांविरुद्धच्या अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. हे लिहून ठेवा, लागणार नाही, तरी लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याला राहतो, पावसाळ्यात 85 च्या लेन्समध्ये आतून जाळं धरलं. कपाटात कपड्यात गुंडाळून ठेवली होती. बुद्वार वगैरे सोडा, हे कसं निघेल?

उत्तर : बुरशी आहे ती. सुरुवातीची असेल तर चांगला रिपेअरवाला लेन्स उघडून पुसून देतो, काचेचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतात, फोटोत फारसे दिसत नाहीत पण खिडकीसमोर काढताना कॉन्ट्रास्ट मरतो. स्वतः उघडू नका. तोवर ती दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका. कपडा आणि चामड्याची पिशवी ओल धरून ठेवतात, म्हणून कपाटात ठेवणं बंद. रबराच्या कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि शेदोनशे रुपयांत मिळतं ते ओलावा दाखवणारं छोटं मीटर. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवायचा, फार खालीही नको, रबर-ग्रीस सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून घ्या, पूर्वीचा रंग आला की परत डब्यात. आणि एसीच्या खोलीतून बाहेर काढताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या, मग चेन उघडा.